चार एकवीस

ढेपेचं पोतं दिवाणखान्यात टांगणारी माणसं मी अमरावतीत पाहिली आहेत. खरं पोतं नव्हे, त्याचं चित्र. सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर असतो तसा बैलाचा छाप, चार भडक रंगांत. चित्रकार माझाच विद्यार्थी होता. त्याची मर्यादित आवृत्ती काढायचं ठरलं. मोजक्याच प्रती छापायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक घालायचा आणि नंतर छपाईची जाळी धुऊन टाकायची, म्हणजे पुन्हा छापता येऊ नये.

छापल्या अकोल्यातल्या एका मुसलमान कारागिराने. लग्नपत्रिका आणि पोत्यांवरचे छाप हा त्याचा नेहमीचा धंदा. जाळीवरून रबरी पट्टीने एक रंग ओढायचा, कागद वाळू द्यायचे, मग दुसरा. चारही रंगांत बैलाचं शिंग केसभरसुद्धा सरकलेलं नव्हतं. हे कौशल्य त्या घेणाऱ्यांपैकी एकालाही दिसलं नाही.

प्रती पन्नास काढायच्या होत्या. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टर. तो म्हणाला, "पन्नास? सर, शून्यावर कोणी काम थांबवते का? एक्कावन करा." लग्नाच्या पाकिटात घालतात तसा एक वाढवला. चित्रकाराने एक्कावन्न बिनक्रमांकाच्या प्रतींवर सह्या केल्या, क्रमांक माझ्यावर सोपवले आणि तो परदेशी गेला. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. या लोकांना चित्रांच्या किमतीही मीच सांगायचो. त्यांना चित्र कळत नव्हतं आणि बाजार मला कळत नव्हता, म्हणून आमचं चांगलं जमलं.

मग आकड्यांची मारामारी सुरू झाली. चित्राकडे बघायच्या आधी डॉक्टरने खालचा कोपरा बघितला.

"तेरा? मले तेरा काहून देता, सर? एकवीस द्या."

जिनिंगवाल्या शेठला आठ दाखवला. "शनीचा आकडा घरात नाई पायजे. एकवीस नसंल तर राहू द्या." तीन क्रमांक तर कोणी हातातही घेईना. तीन तिगाडा म्हणे. बैल उलटा टांगला असता तरी चाललं असतं, आकडा सुलटा हवा.

मी त्यांना हसत होतो आणि त्यांच्यापुढे वाकतही होतो. एके दुपारी खोडरबर घेतलं आणि तीन, आठ, तेरा पुसून तिन्ही प्रतींवर एकवीस लिहिलं. एक एकवीस आधीचा होताच. चारही एकमेकांपासून दूरच्या घरी जातील, भेटणार कशाला, असा माझा हिशेब.

त्यांतल्या दोघांचे मालक शेठच्या वास्तुशांतीला भेटले. डॉक्टर भिंतीजवळ गेला, चष्मा वर केला आणि ओरडला, "अरे, हा एकवीस तर माह्या घरी हाये!" जेवणारी पंगत माझ्याकडे बघू लागली. माझ्या तोंडून लगेच निघालं, "पत्रिका छापणारे लोक ते. जास्तीच्या काढल्या असतील, सही आणि आकडाही तिथंच टाकला असेल."

डॉक्टरने तिथूनच कारागिराला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"सर हाइत का तिथं?"

"हाइत ना."

"मंग त्यायलेच इचारा. गिनती त्यायनंच घेतली."

मी फोनपाशी तोंड नेऊन म्हणालो, "तुम्ही जास्त छापल्या, कबूल करा." त्याने फोन ठेवला. त्यालाच लोकांनी कबुली समजलं. घरी येऊन मी डॉक्टरला लिहून दिलं की खरा एकवीस त्याचाच.

त्यानंतर त्या कारागिराकडे एकाही चित्रकाराचं काम गेलं नाही. अमरावतीत आजही त्याचा विषय निघाला की 'तो डबल छापणारा' म्हणतात. सात वर्षं मी ते ऐकत आणि मान हलवत आलो.

गेल्या महिन्यात बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. तो पोत्याचा छाप ओढत होता. सगळं सांगितलं. त्याने हातातली रबरी पट्टी पुसली.

"मले काहून सांगता? मले तं ठावच व्हतं. अमरावतीत सांगा."

चहा पाजला आणि पुन्हा छाप ओढायला लागला.

परत येऊन डॉक्टरला सांगितलं. तो घाबरून म्हणाला, "म्हंजे माहा एकवीस खरा का खोटा?" कारागिराबद्दल अवाक्षर नाही. "आता तरी ते डबल छापणारा म्हणणं सोडा," मी म्हणालो. तो म्हणाला, "ते जाऊ द्या, सर. किंमत किती पडन, ते सांगा."

म्हणून लिहितो आहे. त्याने एक्कावन्न छापल्या आणि मला एक्कावन्न दिल्या. तीन, आठ आणि तेरा या क्रमांकांच्या प्रती कोणाच्याही घरी सापडणार नाहीत, शोधून बघा. एकवीस चार सापडतील. चारही ठिकाणी दोनाची शेपटी सारखीच लांब आहे. माझ्या हाताखालून गेलेले पुष्कळ जण अमरावतीत आहेत. फळ्यावरचं ते वळण त्यांना ओळखू येईल.