खिचडीचा गंज

दर शनिवारच्या सभेत मी, शाळेचा हेडमास्तर, तिघा मास्तरांना ठणकावून सांगायचो, नेमून दिलेल्या कामापलीकडे जा. खिचडी शिजवणाऱ्या बाईला मी सभेला बोलावतच नसे.

रोवणीच्या दिवसांत सातवीतल्या एका पोरीचा बाप दारू पिऊन वर्गात घुसला. त्याला ती धानाच्या बांधीत, चिखलात रोपं लावायला, हवी होती. ती बाक धरून बसली, तसा तो बैल हाकायच्या काठीनं तिला झोडपू लागला. कपाळ फुटलं, वहीवर रक्त सांडलं. आणि आम्ही चौघे बाप्ये दारात उभे! "त्याची पोरगी आहे," असं कुणीतरी पुटपुटलं. तो मीच होतो.

बाई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावत आली. "सोड तिले, नाही त थोबाड जाळून टाकीन!" त्यानं काठी हाणली, तिचं मनगट कडकन मोडलं. तिनं दुसऱ्या हातानं लाकूड त्याच्या खांद्यावर घातलं. तो बोंबलत पळाला.

दुसऱ्या दिवशी ती हाताला प्लास्टर घालून आली. "गुरुजी, आज गंज कोन उतरवते?"

उकळत्या खिचडीचं ते भलंमोठं पातेलं, तो गंज, मी चुलीवरून उतरवला. हात भाजले. कमीच भाजले.