सुक्या लाकडाचं वजन

इथे आखातात राहणाऱ्या बहुतेक भारतीय घरांत एक छोटा काटा असतो. वर मूठ, खाली हूक, मध्ये आकडे उमटणारी पट्टी. गावी जायच्या आदल्या दिवशी बॅग हुकाला अडकवायची, दोन्ही हातांनी उचलायची आणि श्वास रोखून आकडा बघायचा. तीस किलो भरले तर ठीक, एकतीस झाले की खजुराचा एक डबा बाहेर. या काट्यावर माझा फार विश्वास होता. त्या विश्वासापायी गेल्या हिवाळ्यात मी एका माणसाच्या पोटावर पाय देणार होतो. ते झालं नाही. का झालं नाही, हे आठवलं की मला अजून सुटल्यासारखं वाटतं.

आम्ही खलिफा सिटीत राहतो. हिवाळा आला की आमच्या बिल्डिंगमधली चार-पाच मराठी कुटुंबं एखाद्या शनिवारी वाळवंटात जातात आणि पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आमच्या रायगडकडे याला भांबुर्डीचा पाला लागतो. इथे तो कुठून मिळणार? आम्ही कोबीची पानं आणि ओवा वापरतो आणि चव तशीच लागते असं एकमेकांना सांगतो. वाळूवर थेट जाळ करायला परवानगी नाही, म्हणून मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमधून पायांचा एक पत्र्याचा ट्रे बनवून घेतला आहे.

लाकडं आणायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. कारण माझ्या वडिलांची जळाऊ लाकडाची वखार होती आणि हे मी कधीतरी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगून बसलो होतो. वखारीत आढ्याला माणूस बसेल एवढी दोन पारडी टांगलेली असत. वडील लाकूड तोलत आणि पावसाळ्यात तोलून झाल्यावर वर आणखी दोन ओंडके टाकत. लाकूड पाणी पितं, त्या पाण्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. मी लहानपणी ते रोज पाहिलं होतं. ही गोष्ट इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नेमकी तीच मी विसरलो.

मुसफ्फात माझ्या कामाच्या वाटेवर एका चाचांचं लाकूड-कोळशाचं दुकान आहे. दुकान एका अरबाचं, तोच चाचांचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार; चालवतात चाचा. तेही आमच्याच जिल्ह्यातले, श्रीवर्धनच्या बाजूचे, साठीला आलेले. समर नावाचं बाभळीच्या जातीचं लाकूड ते गोणीत भरून विकतात. गोणी तीस दिरहमला. बरीच वर्षं मी त्यांच्याकडूनच लाकडं घेत आलो आहे.

त्या गुरुवारी ऑफिस सुटल्यावर गेलो, तर चाचा नेहमीपेक्षा गप्प होते.

"काय चाचा, बरं नाही का?"

"बरा हाय सायब. या महिन्यात व्हिसा संपतोय. साठी झाली ना, आता रिन्यू करायला खर्च जास्ती. कफील बोलतो, कसली लफडी नको, दंड नको, मग अजून दोन वर्षं ठेवतो. नायतर यल्ला, घरी."

"घरी बरं नाही का?"

"घरी बरा हाय. पण धाकट्या पोरीचं लगीन काढलंय पुढच्या वर्षी. इन्शाल्ला दोन वर्षं मिळाली की मीच जातो, कोणी धक्का मारायला नको."

मी "मिळतील, मिळतील" असं म्हणालो, सहा गोण्या गाडीत टाकल्या आणि निघालो. वाटेत आणखी एका दुकानात तसल्याच गोण्या त्याच भावात दिसल्या. कमी पडायला नकोत म्हणून तिथूनही दोन घेतल्या.

खाली पार्किंगमधून लिफ्टपर्यंत गोण्या नेताना मला जाणवलं, त्या दोन जड आहेत आणि चाचांच्या हलक्या. घरात बायको भावाच्या लग्नाला जाण्यासाठी बॅगा भरत होती, त्यामुळे काटा समोरच पडला होता. मी चाचांची एक गोणी हुकाला लावली. पंधरा. दुसरी लावली. पंधराला थोडी कमी. मग दुसऱ्या दुकानाची लावली. एकवीस.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "सारखीच गोणी, सारखाच भाव. एका गोणीमागे सहा किलो मारतायत चाचा."

"तीस दिरहम म्हणजे सातशे रुपये झाले. सातशे रुपयांची लाकडं जाळता तेव्हा काही वाटत नाही, आता सहा किलोंचं वाटतंय. आणि काटा मला द्या, तो बॅगेचा आहे."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट वुड."

मला मात्र ते लागलं होतं. इतक्या वर्षांची ओळख, आपल्याकडचा माणूस, आणि माझ्यासारख्या वखारवाल्याच्या मुलाला फसवतो! चाचांना फोन करणं अगदी सोपं होतं, नंबर होता. पण समोरासमोर वाद घालायची मला भीती वाटते, आयुष्यभर वाटत आली आहे. म्हणून मी सोफ्यावर बसून मोबाईलवर ग्राहक तक्रारीचं सरकारी ॲप उघडलं, दुकानाची जागा टाकली, काट्याला लटकणाऱ्या गोणीचा फोटो जोडला आणि 'वजनात फसवणूक' असं लिहून पाठवून दिलं. त्या क्षणी चाचांचा व्हिसा माझ्या मनात आला होता का? आला होता. खोटं कशाला लिहू? आला होता, आणि 'मग त्यांनी आधी विचार करायला हवा होता' असं स्वतःला सांगून मी तो बाजूला सारला.

शनिवारी आम्ही वाळवंटात गेलो. मी जाहीर केलं की आज आधी वजनदार लाकूड लावायचं. दुसऱ्या दुकानाची गोणी ट्रेवर ओतली आणि मडक्याभोवती रचली. काडी लावली, कागद जळून गेला, लाकूड ढिम्म. रॉकेलसारखं काहीतरी ओतलं, तेव्हा धूर निघाला. असा धूर, की बायका मुलांना घेऊन गाड्यांच्या पलीकडे गेल्या. लाकडांच्या टोकांतून फेस येऊन सूं-सूं आवाज यायला लागला.

"काय वखारवाले," शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "डास मारायचेत का आज?"

"पोपटी नाही हो, ही वाफेवरची कोबी होणार," त्यांची बायको पलीकडून ओरडली.

मी मात्र त्या फेसाकडे बघत होतो. लाकडाच्या टोकाला येणारा फेस मी लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. ते ओलं लाकूड होतं. नुकतं तोडलेलं असेल किंवा कुठे भिजलेलं असेल. ते सहा किलो पाण्याचे होते, आणि मी तीस दिरहमला पाणी विकत घेऊन चाचांना चोर ठरवलं होतं.

चाचांची गोणी फोडली. लाकडावर लाकूड आपटलं तर घरातल्या खुर्चीच्या पायासारखा टणक आवाज आला. एका काडीत जाळ उभा राहिला, आणि अर्ध्या तासात मडक्यातून ओव्याचा वास सुटला. सगळे जेवले, कोंबडी हाडापासून सुटत होती म्हणाले. मी पाठ करून मोबाईल काढला आणि तक्रार मागे घेता येते का बघितलं. 'तक्रार तपासणीसाठी पाठवली आहे' एवढंच दिसत होतं. मागे घ्यायचं बटण कुठेच नव्हतं. चाचांना फोन लावला, उचलला नाही. रविवारी पुन्हा लावला, तेव्हा बंद लागला.

"कसला विचार चाललाय?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. तिने बॅगेची चेन ओढता ओढता माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला अपराधी वाटायला एरवी काही कारण लागत नाही," ती म्हणाली. "या वेळी आहे. उद्या जा आणि तोंडाने सांगून या."

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलो. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. बाहेर एकही गोणी नव्हती. एरवी रस्त्यापर्यंत रांग लावलेली असते. मी गाडीतच बसून राहिलो. खरं सांगायचं तर निघून जावंसं वाटलं, आणि गाडी चालूही केली होती.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून चाचा ओल्या हातांनी बाह्या खाली करत आले.

"काय सायब, एवढ्यात संपली लाकडं? का गाडीच जाळलीत?"

"चाचा, शटर... गोण्या कुठायत? फोन बंद होता तुमचा."

"नमाजला गेलतो. फोन पडला शनवारी, दुरुस्तीला हाय. आणि गोण्या संपल्या! थंडी पडली ना. उद्या गाडी येते." शटर वर ढकलत ते म्हणाले, "आवो, इकडं मजा झाली. शुक्रवारी सकाळी बलदियावाला आलता." बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. "कोणा शहाण्यानं कंप्लेंट केलान, बोलतो, वजन कमी देतात."

मी दुकानातल्या ओंडक्यावर बसलो.

"जवान होता इन्स्पेक्टर. गोणी उचलून बघितलान, लाकूड आपटून बघितलान. मला विचारतो, किलोवर विकतोस? मी बोललो, नाय बाबा, गोणीवर. बोर्ड दाखवला. बोलतो ठीक हाय, पण गोणीवर किलो लिहीत जा, लोकांना समजू दे. मग बोलतो, लाकूड चांगलं सुकं हाय. दोन गोण्या सोताच्या गाडीत टाकून घेऊन गेला!"

"पैसे दिले?"

"दिलान तर! मी नको बोललो तर मलाच ओरडला."

"दंड?"

"कसला दंड? खलास."

सुटलो, असं वाटलं. मनात लगेच दुसरा विचार आला, की आता सांगायची गरजच नाही. झालं ते चांगलंच झालं, उठायचं आणि जायचं. पण बायकोने तोंडाने सांगून यायला सांगितलं होतं, आणि घरी गेल्यावर ती विचारणार होती.

"चाचा, ती तक्रार मी केली होती."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर रस्त्याकडे पाहिलं. रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा उचलला, दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"तुमी," ते शेवटी म्हणाले. "दुसरा कोण असता तर बोललो असतो, असू दे. तुमी? नंबर हाय माझा तुमच्याकडं. मोबाईलवर बोटं चालतात, तोंड नाय चालत?"

"नाही चालत, चाचा. चुकलं माझं."

"व्हिसाचं सांगितलं होतं तुमाला. इथंच उभं राहून."

"हो."

"आणि तरी."

कारणं सांगण्यात अर्थ नव्हता. मग त्यांनीच विचारलं, "तोललात कशानं पण?"

"बॅगेचा काटा असतो ना, विमानात जाताना..."

चाचांचे खांदे हलायला लागले. "विमानात बसवणार होतात काय लाकडांना?" खोकला येईपर्यंत ते हसले. "बोर्डिंग पास काढलात काय त्यांचा?" मग डोळे पुसून एकदम गंभीर झाले. "हसलो म्हणून सोडला असं समजू नका. इन्स्पेक्टर बोललाय किलो लिही. मोठा काटा घ्यायचा तर दोनशे दिरहम, म्हणजे पाच हजार रुपये. तुमचा तो काटा इथं आणून द्यायचा. आजच."

"आजच आणतो. पण व्हिसाचं काय?"

"कफीलला कळलं ना. फोन केलान, दंड झाला काय? मी बोललो, नाय. मग बोलला, व्हिसाचे कागद भरायला टायपिंगवाल्याकडं दे. दिलेत काल."

संध्याकाळी मी काटा मागितला तेव्हा बायकोने बॅगेवर बसूनच विचारलं, "परवा माझं फ्लाईट आहे. आणि काटा लाकडांना?" मग काटा काढून देत म्हणाली, "न्या." तिने बॅगा हातानेच अंदाज घेत भरल्या. विमानतळावर एक बॅग दोन किलो जास्त भरली आणि मी खजुराचे डबे पिशवीत घेऊन घरी परतलो. इतकं हलकं ओझं मी कधी वाहिलं नसेल.

महिन्याअखेरीला असाच दुकानात गेलो. चाचांना काट्यावरचे आकडे चष्म्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून जाता-येता मी थांबून आकडे वाचून दाखवतो आणि ते मार्करने पुठ्ठ्यावर लिहितात. सुकं पंधरा किलो, सुकं चौदा किलो. 'सुकं' हा शब्द ते मोठ्या अक्षरांत लिहितात. त्या दिवशी चारेक गोण्या झाल्यावर त्यांनी खिशातून व्हिसाचं नवं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. फोटोत हसू दाबल्यासारखे दिसत होते. खालची मुदतीची तारीख मी दोनदा वाचली. दोन वर्षं पुढची होती.

मी कार्ड परत द्यायला हात पुढे केला, तर चाचांनी घेतलंच नाही. काट्याचा हूक माझ्यापुढे धरून म्हणाले, "लावून बघा सायब. हलका तर नाय ना?"