चहाला नाही म्हटलं त्या दिवशी
आल्याचा चहा उकळल्याचा वास आला, की मला राहात्याकडची ती ओसरी आठवते. साखर कारखान्यासाठी ऊस नोंदवत मी गावोगाव फिरायचो. घरोघरी चहा व्हायचा आणि छातीत आग पेटायची. डॉक्टरांनी दम भरला, त्या सकाळी चहा सोडला तो सोडलाच. पहिलंच घर एका बौद्ध कुटुंबाचं होतं. ओसरीवर आलेला कप मी परत केला तसा घरच्या मावशींचा चेहरा उतरला. “आमच्या हातचा चालत न्हाई व्हय?” मी घाईघाईनं म्हणालो, “मावशी, पित्तानं छाती जळते, म्हणून चहा बंद केलाय. पण भूक लागलीय, भाकरी द्या.” त्यांच्या चुलीपुढंच बसून ताकाबरोबर अख्खी भाकरी खाल्ली. चहा पुन्हा कधी घेतला नाही. त्या घरून मात्र अजून भाकरी खाल्ल्याशिवाय उठत नाही.