उत्तर फक्त मला द्या

ऐंशी सालाच्या पुढेमागे आम्ही धरणावरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा वायरलेस ऑपरेटर, आणि सेट आमच्याच पुढच्या खोलीत. पावसाळाभर तो खरखरत असायचा. एकानं बोललेलं गोदाकाठच्या सगळ्या केंद्रांना ऐकू जायचं, त्यामुळे कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाचं साहेबांशी बिनसलंय, हे मला घरबसल्या कळे. खाली सायखेड्याच्या सेटवर माझा धाकटा भाऊ होता. त्याचं केंद्र गावाच्या उंच भागात, पण आईचं घर अगदी नदीला लागून.

पाणी किती सोडलं ते सगळ्यांना उद्देशूनच सांगावं, असं नवऱ्याचं म्हणणं. नाशिकच्या साहेबांना ते खपत नसे. उत्तर फक्त मला द्यायचं, कोणाला काय कळवायचं ते मी बघेन, आणि केंद्रांनी आपापसात बोलायचं नाही, हा त्यांचा हुकूम. यावरून दोघांची सेटवरच जुंपली आणि नवऱ्याला मेमो आला. पुन्हा असं झालं तर घरी बसवू, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मला साहेबांचा संताप आला. प्रत्येक गोष्ट आपल्याच तोंडून गेली पाहिजे, हा कसला सोस!

त्या दुपारी धरणाचे दरवाजे आणखी उचलले. नवऱ्यानं आकडा साहेबांना सांगितला. वरिष्ठांना विचारून येतो, तोवर सगळे गप्प राहा, असं म्हणून साहेब उठले ते गेलेच. थोड्या वेळानं भावाचा आवाज आला. पाणी घाटाच्या पायऱ्या चढलंय, अजून किती येणार, एवढंच तो परत परत विचारत होता. सगळी केंद्रं ऐकत होती, पण कोणी चकार शब्द काढेना. नवऱ्यानं माईक हातात धरला होता, पण तो बटण दाबेना. नोकरी गेली तर खायचं काय, हे मलाही कळत होतं. तरी मी माईक ओढून घेतला आणि बटण दाबलं.

“आईला तुझ्याकडे वर घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. लय पाणी येतंय.”

पलीकडून काहीच आलं नाही.

साहेब परतले तेव्हा त्यांच्या शिपायानं सांगितलं असावं. मघाशी कोण बाई बोलली, असं ते एकेका केंद्राला विचारू लागले. नवरा म्हणाला, माहीत नाही. पुढचं केंद्र म्हणालं, ऐकलं नाही. त्याच्या पुढचंही तेच. एरवी एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी ही माणसं! मला रडू फुटलं. मग सायखेड्याची पाळी आली.

“नाही साहेब, मी काहीच ऐकलं नाही,” भाऊ म्हणाला.

तो आम्हाला वाचवत होता, की त्यानं खरंच ऐकलं नव्हतं? आवाज अगदी सरळ होता. पुन्हा विचारायची सोय नव्हती, रस्ताही बंद झालेला. चूल पेटवायचं सुचेना. मी सेटसमोर बसून राहिले आणि नदीकाठचं घर डोळ्यांसमोरून हलेना.

पाणी ओसरल्यावर भाऊ आला तो आईला घेऊनच. मी दारातच त्याला बडवायला लागले, तशी आई मध्ये पडली.

“त्याला कशाला मारती? तो नाय म्हणला तवा मी त्याच्या शेजारीच व्हते, वल्ल्या लुगड्यात. तुला हाक मारणार, तेवढ्यात मेल्यानं माझं तोंड दाबलं.”