शेगडीवालीची धाकटी

बाजाराच्या तोंडाशी गाड्यावर शेगडी मांडणाऱ्या त्या बाईशी भांडायची कुणाची टाप नव्हती. स्वतःच्या नवऱ्याला तिने चिमट्याने झोडपून घराबाहेर काढलं होतं, आणि तो पुन्हा फिरकला नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. बाईच्या हाताला मात्र चव होती हो. ढोबळी मिरची, वांगी, कांदे, फ्लॉवरचे तुरे तिखट-लसूण-जिऱ्यात घोळवायचे, लोखंडी सळईला टोचून निखाऱ्यांवरच्या जाळीवर खरपूस भाजायचे आणि वर काकडी-पुदिन्याचं गार दही घालायचं. सळयांच्या लाकडी मुठी कधीच जळून गेल्या होत्या. नव्या बसवायचा तिला कंटाळा. दोघी बहिणी ओल्या फडक्याशिवाय सळईला हात लावत नसत.

दुसरी म्हणजे धाकटी. दही फेटायची ती. गॅरेजवाल्या नवऱ्याने दात पाडले तेव्हा ती बहिणीकडे आली. याआधीही आली होती, आणि दर वेळी तो दारात येऊन रडला की ही विरघळून परत जायची. थोरलीच्या जिवाला एवढाच घोर होता: आता गेली तर पुन्हा जिवंत दिसायची नाही.

भर दुपारी तो आला. "पुरे झालं. चल घरी," म्हणाला आणि थेट तिची वेणी मुठीला गुंडाळून ओढायला लागला. धाकटीचं कपाळ गाड्याच्या कडेवर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं. थोरलीने चिमटा उचलून त्याच्या कानशिलावर हाणला; कान फाटला, पण मूठ सुटेना. आणि गिऱ्हाइकं? ती हातातल्या बशा सांभाळत मागे सरली. माणसं अशीच असतात मेली.

मग त्या शहाण्याने थोरलीला मारायला मोकळ्या हाताने शेगडीवरची सळई उचलली. फडकं नाही, काही नाही. चामडी चर्रकन चिकटली आणि तो गुरासारखा ओरडला.

धाकटीने काय करावं? भाजलं की हात दह्यात घालायचा, ही त्या गाड्यावरची रोजची रीत. तिने त्याचा हात धरून दह्याच्या पातेल्यात बुडवला आणि वर फुंकर घालायला लागली. थोरलीने चिमटा खाली टाकला. संपलं, ही आता जाणार.

"बघ, तुझ्याशिवाय कोण आहे मला?" तो रडत म्हणाला.

"वेणी सोडा," धाकटी म्हणाली.

"आधी घरी चल."

"वेणी सोडा म्हणते ना."

त्याने मुठीला आणखी एक वेढा घेतला. तेव्हा धाकटीने त्याचा हात दह्यातून बाहेर काढला, मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तो तळवा जाळीवर दाबला. अंगाचा सगळा भार टाकून दाबला. दही फसफसलं, जळक्या मांसाचा वास सुटला. तो गुडघ्यांवर आला, लाथा झाडल्या, आईला हाका मारल्या. वेणी सुटेपर्यंत तिने हात उचलू दिला नाही. मग तो हात पोटाशी धरून, लोकांना ढकलत, धडपडत पळाला.

धाकटीची बोटंही भाजली होती. थोरलीने ती पाण्याच्या बादलीत घालायला ओढली, तर ती म्हणाली, "ताई, मी जात नाही आता."

"नको जाऊस गं बाई," थोरली म्हणाली, आणि तिला पोटाशी धरून भर बाजारात ओक्साबोक्शी रडली.