दशांशानंतरचा सात

नागवेकर सर जर्नलमधलं उत्तर कधी आधी बघत नसत. आधी निरीक्षणांचा तक्ता, तोही एकेका आकड्यावर बोट ठेवून. "उत्तर काय, पुस्तकात छापलेलं आहे. तुला दिसलं काय ते सांग," म्हणत.

रत्नागिरीच्या कॉलेजात ते आमची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत. धातूची विशिष्ट उष्णता काढायची म्हणजे पितळेचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवायचा, झटकन कॅलोरीमीटरमधल्या गार पाण्यात सोडायचा आणि ते पाणी किती तापलं ते बघायचं. तुकडा वाटेत रेंगाळला की उष्णता हवेत जाते. मग सर ओरडत, "अगो, प्रसाद आहे काय तो, धरून उभी राहिलीस?"

माझं उत्तर पुस्तकापेक्षा फारच कमी आलं. तिसऱ्यांदाही तेच. मी राजापूरकडच्या खेड्यातली, घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. चुकलेलं दाखवायची लाज वाटली. मग पुस्तकातल्या उत्तरावरून उलटं गणित केलं आणि तक्त्यात शेवटचं तापमान लिहून टाकलं, ३३.७.

सरांचं बोट तिथेच थांबलं. "आपल्या थर्मामीटरवर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघा. हा सात तुला कुठे दिसला गो?"

मी खोडरबर शोधू लागले.

"पुन्हा कर. चुकलेलं आण, मी सही करतो. ह्यावर नाही."

सही नाही तर परीक्षा नाही. मी रडले नाही, चिडले. तडक प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं की सर खेड्यातल्या मुलींना मुद्दाम छळतात. खोटं होतं ते. बोलताना मला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत सरांनी सही केली. त्या साताबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पेनाला टोपण लावत एवढंच म्हणाले, "परीक्षा नीट दे हो." त्यानंतर ते मुलींच्या टेबलाकडे फिरकेनासे झाले. लांबूनच विचारत, "झालं का?" कोणावर ओरडणंही थांबलं.

मी पास झाले. घराण्यातली पहिली पदवीधर, हे आजही ताठ मानेने सांगते. सरांची माफी मागायला मांडवीला त्यांच्या घरी दोनदा गेले आणि फाटकाची कडी न काढताच परतले.

गेल्या महिन्यात सर गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने पाणी आणून दिलं. मी त्यांची विद्यार्थिनी म्हटल्यावर कोणत्या वर्षाची, विचारलं. वर्ष ऐकून त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"मग तुमच्याच वर्गात असेल. राजापूरकडची एक मुलगी होती. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही हो. पण अगदी परवापर्यंत विचारायचे, तिचं पुढे बरं झालं असेल ना?"

"झालं," मी म्हटलं. "बरं झालं तिचं."