थोरलं कार्ड, बारकं कार्ड

भोरला माझा कॉम्प्युटर अडला की हिर्डोशीचे एक गृहस्थ येतात. दाराशी चप्पल काढतात, कॅबिनेट उघडतात आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा आत हात फिरवतात.

माझ्या मशीनला व्हिडिओचं काम ओढणारी दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, हे मी वर्षभर अख्ख्या आळीला ऐकवलं होतं. तरी मी एडिट करायला घेतलेली एका लग्नाची फिल्म पुढं सरकेना आणि नवरीचे वडील रोज फोन करत होते.

फिल्मचं काम मशीनवर चालू ठेवून गृहस्थांनी दोन्ही कार्डांना उलटा हात लावला.

“बारकं लई तापलंय, सर. थोरलं मातुर गार हाय, नुसतं बसून खातंय. समदं काम तुमी बारक्यावरच टाकलंय.”

त्यांनी बारक्याकडे फक्त स्क्रीन ठेवली, फिल्म थोरल्याला दिली. संध्याकाळी फिल्म तयार!

जाताना त्यांनी माझ्या डोक्यालाही तसाच उलटा हात लावून पाहिला नाही, हे उपकारच म्हणायचे.